गाळाचे काय करणार, हे आधी विचारा

शहरात मैला शुद्धीकरण केंद्र मंजूर झाले की भूमिपूजनाचे फोटो येतात. प्रकल्प किती कोटींचा आहे आणि रोज किती दशलक्ष लिटर पाणी स्वच्छ होणार आहे, हे छापून येते. पाण्यातली घाण पाण्यातून निघाली की ती कुठे तरी जाणारच. कुठे गेली, हे मात्र बातमीत नसते. ती गाळात जाते. काळा, पातळ, घाण वासाचा हा गाळ रोज तयार होतो, सणासुदीलाही थांबत नाही. शुद्धीकरण केंद्र चालवणारा कोणीही अनुभवी माणूस सांगेल की पाणी स्वच्छ करणे सोपे आहे, खरी डोकेदुखी गाळाची असते.

हा प्रश्न आत्ताच मांडायचे कारण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या मोजणीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि त्यातले २०,२३५ दशलक्ष लिटरच प्रत्यक्ष शुद्ध होते. ही तफावत भरून काढायला आता ठिकठिकाणी केंद्रे उभी राहत आहेत. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर इथल्या सात केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. त्यांची एकत्रित क्षमता रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर आहे. पुण्यात जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ केंद्रे मुळा-मुठेसाठी ठरली. लहान शहरांतही निविदा निघत आहेत. जितके पाणी जास्त शुद्ध होईल, तितका गाळ वाढणार. त्याचे काय करायचे, हा निर्णय आज कागदावर होतो आहे आणि पुढची तीस वर्षे आपण तो भोगणार आहोत.

दोन रस्ते

गाळ म्हणजे बहुतांश पाणीच. शंभर किलो गाळात घन पदार्थ दोन-तीन किलो, कधी त्याहूनही कमी. पण त्या दोन-तीन किलोंतला मोठा भाग कुजणारा असतो आणि त्यात रोगजंतू व जंतांची अंडी असतात. तो तसाच उघड्यावर टाकला तर सडतो, माश्या होतात, पावसात वाहून नाल्यात जातो. म्हणून आधी तो 'पचवावा' लागतो. पचवणे म्हणजे जिवाणूंकडून त्यातला कुजणारा भाग खाऊन संपवणे. हे काम दोन तऱ्हांनी होते.

पहिली तऱ्हा एरोबिक, म्हणजे हवा देऊन. टाकीत गाळ भरायचा आणि ब्लोअरने खालून सतत हवा सोडायची. ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू सेंद्रिय भाग खातात, खायला संपले की एकमेकांना खातात. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि कमी कुजणारा गाळ. टाकी उघडी असली तरी चालते, वास फारसा येत नाही, चालवायला सोपे.

दुसरी तऱ्हा अ‍ॅनारोबिक, म्हणजे हवा बंद करून. झाकलेल्या टाकीत गाळ सुमारे ३५ अंश तापमानाला पंधरा-वीस दिवस ठेवायचा. इथे जिवाणूंची साखळी काम करते. एक गट मोठे रेणू फोडतो, दुसरा त्यांची आम्ले करतो, तिसरा त्या आम्लांपासून मिथेन बनवतो. बाहेर येणाऱ्या वायूत ६० ते ७० टक्के मिथेन असतो. गावाकडच्या गोबर गॅसचे हेच तत्त्व.

दोन्ही पद्धती जुन्या आहेत. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात १८९५ साली डोनाल्ड कॅमेरॉन याने बंद टाकीतल्या वायूवर दिवे पेटवले. आपल्या माटुंग्यातल्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्याचा वायू धरून वापरल्याची नोंद सापडते. सांडपाण्यात हवा सोडून, तयार झालेला जिवंत गाळ पुन्हा पुन्हा वापरायची पद्धत आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडली. आज जगभरच्या बहुतेक मोठ्या केंद्रांत पाणी एरोबिक पद्धतीने शुद्ध होते. वाद आहे तो मागे उरलेल्या गाळाचा.

हिशेब

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण इंजिनिअरिंगच्या पदवीने एक सवय लावली. कोणी 'हे तंत्रज्ञान चांगले' म्हणाले की आकडे मांडून बघायचे. चला, मांडू.

रोज १०० दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र घ्या. पाच-सात लाख वस्तीच्या शहराला असे केंद्र लागते. त्यातून रोज अंदाजे २० टन गाळ निघतो, पाणी सोडून कोरडा मोजला तर. त्यातला साधारण ६० टक्के, म्हणजे १२ टन, सेंद्रिय धरू. दोन्ही पद्धतींत यातला निम्म्याच्या आसपास भाग नष्ट होतो. एरोबिकमध्ये थोडा कमीच. म्हणजे ६ टन.

एक किलो सेंद्रिय घन पदार्थ हवेने जाळायला सुमारे दोन किलो ऑक्सिजन लागतो. ब्लोअर एका युनिट विजेत साधारण दीड किलो ऑक्सिजन पाण्यात विरघळवतो. म्हणजे ६ टनांसाठी रोज ८,००० युनिट वीज खर्च.

आता तेच ६ टन बंद टाकीत. एक किलो नष्ट झाला की सुमारे ०.९ घनमीटर वायू मिळतो. एकूण ५,४०० घनमीटर. एका घनमीटरपासून गॅस इंजिन दोन युनिटच्या आसपास वीज देते. म्हणजे रोज १०,००० युनिटहून जास्त. टाकी ढवळायला आणि पंप चालवायला काही वीज जाते. ती वजा करून ९,००० युनिट धरा. टाकी गरम ठेवायला इंजिनाचीच वाया जाणारी उष्णता वापरता येते आणि आपल्याकडे युरोपासारखा हिवाळा नसल्याने ती कमी लागते.

एकीकडे ८,००० चा खर्च, दुसरीकडे ९,००० ची कमाई. फरक रोज १७,००० युनिटचा. युनिटला आठ रुपये धरले तर रोजचे १ लाख ३६ हजार, वर्षाचे जवळपास ५ कोटी. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्येक शहरात आकडे मागेपुढे होतील. पण दिशा बदलणार नाही. मोठ्या शहरात गाळ हवेने पचवणे म्हणजे इंधन जाळून टाकायला वरून पैसे मोजणे.

हे कागदावरचे स्वप्न नाही. सुरतेत अंजणा इथल्या मैला शुद्धीकरण केंद्रात २००३ सालीच गाळाच्या वायूवर अर्ध्या मेगावॅटचा वीज प्रकल्प सुरू झाला आणि नंतर शहराच्या इतर केंद्रांत तसेच प्रकल्प उभे राहिले. सुरतेत आपले किती तरी खानदेशी भाऊबंद राहतात. धुळे-जळगावहून तिथे जायला एक रात्र पुरते. तरीही आपल्याकडच्या सभागृहांत हा विषय परदेशातला असल्यासारखा बोलला जातो. जॉर्डनसारख्या पाण्याच्या टंचाईने गांजलेल्या देशात अम्मान आणि झरका या शहरांचे सांडपाणी घेणारे अस्-सम्रा हे केंद्र आपल्या गरजेची बहुतांश ऊर्जा गाळाचा वायू आणि उतरत्या पाण्याचा जोर यांतून मिळवते. शुद्ध झालेले पाणी शेतीला जाते.

मग सगळीकडे बंद टाक्याच का नकोत?

कारण आकार बदलला की उत्तर बदलते. तीनशे फ्लॅटची सोसायटी घ्या. सांडपाणी रोज दीड लाख लिटर. कोरडा गाळ ३० किलो. त्यातला नष्ट होणार ९ किलो. वायू मिळणार आठ घनमीटर, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा पाव सिलिंडर. एवढ्यासाठी तळघरात मिथेनची टाकी, गळती शोधणारे यंत्र आणि प्रशिक्षित माणूस ठेवणे हा वेडेपणा होईल. इथे एरोबिक पद्धतच शहाणपणाची आहे.

अ‍ॅनारोबिकचे दोषही लपवायचे कारण नाही. मिथेन बनवणारे जिवाणू संथ आणि नाजूक असतात. एकदम जास्त गाळ ढकलला, आम्लता वाढली, की ते मान टाकतात आणि टाकी पुन्हा मार्गावर यायला आठवडे लागतात. टाक्या, इंजिने, वायू साफ करणारी यंत्रे यांचा सुरुवातीचा खर्च मोठा. पचलेल्या गाळातून निथळलेल्या पाण्यात अमोनिया भरपूर असतो, ते पुन्हा केंद्राच्या तोंडाशी न्यावे लागते. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन मिसळला की ठिणगीसरशी स्फोट होतो. आणि मिथेन गळून वर गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहून जास्त तापमान वाढवतो. वायू वापरायचा नसेल, निदान जाळायचाही नसेल, तर बंद टाकी बांधूच नये.

कानपूरच्या जाजमऊचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. गंगा कृती योजनेत डच मदतीने तिथे १९८९ च्या सुमारास सांडपाणी थेट बिनहवेच्या टाकीत शुद्ध करण्याचा प्रयोग झाला. नंतर चामड्याच्या कारखान्यांचे पाणी आणि घरगुती सांडपाणी एकत्र घेणारे ३६ दशलक्ष लिटरचे केंद्र आले. चामड्याच्या पाण्यात सल्फेट असते, बिनहवेच्या टाकीत त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो. तो यंत्रे गंजवतो आणि मिथेनच्या वाट्याचे खाद्य पळवतो. क्रोमियम कुठलाच जिवाणू पचवू शकत नाही. तो गाळात साचतो आणि गाळ खत म्हणून निरुपयोगी होतो. तिथल्या जिवाणूंनी त्यांचे काम केले. कारखान्याचे पाणी कारखान्यातच साफ करून घ्यायचे काम माणसांचे होते. यंत्रमागाच्या शहरांत रंगाईचे, धुलाईचे पाणी घरगुती गटारात मिसळत असेल तर हा धडा आपल्यालाही लागू आहे. गटारात काय येते, हे आधी ठरवा, मग टाकी निवडा.

मधला, गुळगुळीत रस्ता

हल्ली निविदांमध्ये तिसराच प्रकार दिसतो. पाणी शुद्ध करतानाच इतका वेळ हवा देत राहायची, की गाळ तिथेच बराचसा पचतो. एसबीआर नावाने येणाऱ्या अनेक केंद्रांत हे होते. मग वेगळी पचन टाकी लागत नाही, जागा वाचते, ठेका लवकर पूर्ण होतो, उद्घाटन वेळेवर होते. कागदावर सगळे छान.

पण गाळातली जी ऊर्जा वायू होऊन मिळाली असती, ती आपण ब्लोअरचे बिल भरून उडवलेली असते. उरलेल्या गाळात नंतर बंद टाकी लावली तरी फारसा वायू निघत नाही. बांधकामाचा खर्च ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात दिसतो. विजेचे बिल पुढे वर्षानुवर्षे महापालिका भरते, म्हणजे तुम्ही-आम्ही भरतो. आणि तिजोरीत खडखडाट झाला की पहिल्यांदा काय बंद होते? ब्लोअर.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या सोसायटीत रात्री येणाऱ्या वासाबद्दल तक्रारी होत्या. केंद्र चालवणारा ठेकेदार म्हणायचा, सगळे व्यवस्थित आहे, रजिस्टर बघा. रजिस्टरमध्ये रोजची सही होती. आम्ही ब्लोअरच्या मीटरचे आकडे दर तासाला नोंदवले. माझे अर्धे आयुष्य लॉग वाचण्यात जाते, त्यामुळे हे जमण्यासारखे होते. दोन आठवड्यांचा आलेख काढला, तर रोज रात्री ११ ते पहाटे ५ सपाट रेघ. हवा बंद झाली की एरोबिक टाकी काही तासांत आपोआप बिनहवेची होते, फक्त तिच्यावर झाकण नसते आणि वायू धरायची सोय नसते. म्हणजे दोन्ही पद्धतींतले वाईट तेवढे पदरात पडते. आलेख बैठकीत ठेवल्यावर ब्लोअर रात्रीही चालू लागला. पण टँकरने नेलेला गाळ कुठे रिकामा होतो, याचे लेखी उत्तर आम्हाला आजवर मिळालेले नाही.

ज्यांच्या नाकाशी हे घडते

सांडपाणी उताराने वाहते, म्हणून शुद्धीकरण केंद्र शहराच्या सखल टोकाला, नाल्याच्या किंवा नदीच्या काठी येते. जमीन स्वस्त म्हणून तिथेच कष्टकऱ्यांच्या वस्त्या वसलेल्या असतात. वास त्यांना, डास त्यांना आणि पावसाळ्यात वाहून आलेला गाळही त्यांच्याच दारात. शहराच्या उंच भागात राहणाऱ्याला आपला मैला कुठे जातो, हे आयुष्यभर कळत नाही.

याहून गंभीर गोष्ट जिवाची आहे. गटार, सेप्टिक टँक आणि पचन टाकी यांत आत चालणारी क्रिया एकच. हवेविना मैला कुजतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या वर गेला की नाक बधिर होते आणि वास येणेच बंद होते. आत उतरलेल्या माणसाला वाटते, धोका टळला. पाचशे-सातशेच्या पुढे काही मिनिटांत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. म्हणून या बातम्यांत अनेकदा एकटा माणूस नाही, दोघे-तिघे जातात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. भरपाई वाढली हे बरे झाले, पण माणूस आत जाणार नाही अशी टाकी बांधणे हे इंजिनिअरचे काम आहे. कोणत्याही पद्धतीची निविदा असो, टाकीतला साठलेला गाळ बाहेरून यंत्राने कसा काढणार, हे नकाशात दाखवलेले नसेल तर तो नकाशा नापास करायला हवा.

माझे म्हणणे

एरोबिक की अ‍ॅनारोबिक, हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मोठ्या शहरांच्या केंद्रांत गाळ बंद टाकीत पचवून त्याचा वायू वापरणे सक्तीचे असावे. ते टाळायचे असेल तर तीस वर्षांच्या विजेच्या बिलासह हिशेब सभागृहापुढे ठेवावा. सोसायट्या आणि लहान नगरपालिका यांनी एरोबिक पद्धतीवर राहावे, पण त्यांचा गाळ टँकरवाल्याच्या मर्जीवर सोडू नये. महापालिकेने तो जवळच्या मोठ्या पचन टाकीत घ्यावा, वजन करून, पावती देऊन. नाशिकमध्ये हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र पचवून वीज करणारा प्रकल्प जर्मन सहकार्याने उभा राहिला. म्हणजे एकत्र आणण्याची कल्पना इथल्या मातीत रुजू शकते.

'आपल्याकडे असली यंत्रे चालवायला माणसे नाहीत' हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. माणसे आहेत. डिप्लोमा, आयटीआय, डिग्री करून घरी बसलेली पोरे आपल्याच मोहल्ल्यांत आहेत. नसते ती नियमित पगाराची जागा आणि ठेक्यात चालवण्या-देखभालीसाठी राखलेली रक्कम. बांधणाऱ्यालाच दहा-पंधरा वर्षे चालवण्याची जबाबदारी दिली आणि त्याचे पैसे मिळालेल्या विजेच्या मीटरशी जोडले, तर माणसे आपोआप सापडतील.

मित्रहो, यात आपण काय करू शकतो? राज्यातल्या महापालिका दरवर्षी पर्यावरण स्थितीचा अहवाल मांडतात. आपल्या शहराचा उघडा आणि 'गाळ' हा शब्द शोधा. सापडला नाही तर माहिती अधिकारात चार प्रश्न टाका. रोज किती टन गाळ निघतो? तो कोणत्या पद्धतीने पचवला जातो? पचन टाकी असेल तर गेल्या वर्षभरात किती घनमीटर वायू मिळाला आणि त्याचे काय केले? पचलेला गाळ कोणत्या गाडीने, कोणत्या ठिकाणी गेला? उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते. मोठ्या सोसायटीत राहत असाल तर पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल मागा आणि ब्लोअरचे मीटर स्वतः वाचा.

हे काम रस्त्यावरच्या मोर्चासारखे दिसत नाही, त्याची रील बनत नाही. पण वस्तीत दुर्गंधी का येते, याचे उत्तर 'लोकच घाणेरडे राहतात' असे देणाऱ्याच्या तोंडावर ठेवायला आकड्यांसारखे दुसरे काही नाही. तुमच्या शहरातल्या पुढच्या निविदेचा कागद बाहेर येईल, तेव्हा पाण्याचा आकडा सगळे वाचतील. तुम्ही गाळाचे पान उघडा. ते पान कोरे असेल, तर हरकत नोंदवायची मुदत संपण्याआधी लेखी हरकत द्या.